आजोळचा निळा ससा

पाली,
१८ नोव्हेंबर २०२४

अक्काला नमस्कार.

हा नमस्कार वयाला आहे, तुझ्या वागण्याला नाही, हे आधीच स्पष्ट करतो. मारुतीच्या देवळासमोर चार माणसांत मी म्हणालो होतो की मंगल अक्काशी या जन्मात बोलणार नाही. त्या शब्दाला मी अजून जागून आहे. पण लिहिणार नाही, असं मी म्हणालो नव्हतो. त्या दिवशी जे हजर होते त्यांतल्या दोघांना आडून आडून विचारून खात्री करून घेतली आहे. तेव्हा मी माघार घेतली असं समजू नकोस.

माझ्या मुलीनं भोरच्या त्या सम्राटशी कोर्टात लग्न केलं आणि साक्षीदार म्हणून माझ्या सख्ख्या बहिणीनं सही ठोकली. बापाला ही बातमी दुधाच्या डेअरीवर कळली. त्याविषयी मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही.

काम वेगळंच आहे. भात काढताना बांधावरून घसरलो. पाय प्लास्टरमध्ये आहे आणि मी खाटेवर. चंद्रा, तुझी भावजय, म्हणते, दावणीची शेळीसुद्धा एवढी ओरडत नाही. तर, राजगडावर जाणारी पुण्याची पोरंपोरी आपल्याकडे पिठलं-भाकरीला थांबतात, त्यांतल्या एकीच्या पिशवीला लोकरीचं छोटं अस्वल लटकत होतं. हातानं विणलेलं. मला वाटलं, चंद्रानं असली खेळणी केली तर पाहुणे हौसेनं घेतील. तू आयुष्यभर अंगणवाडीत पोरं सांभाळत क्रोशाचे रुमाल विणलेस, तेव्हा तुला येत असणार. अगदी पहिल्यापासून शिकणाऱ्याला जमेल असं एखादं जनावर कसं विणायचं ते लिहून पाठव. सुई आणि लोकरही पाठव. शिकणार चंद्रा आहे. मी फक्त पत्र लिहितोय.

गेनूचा टेम्पो आठवड्याला भोरला येतो, तो भाटघरला तुझ्या दारावरून जातो. त्याच्याकडे दे. पिशवीवर ‘औषध’ असं लिही. गेनू दिसतो साधा, पण त्याच्या टेम्पोत भाजीपेक्षा बातम्या जास्त असतात.

कुंडलिक

*

भाटघर,
२१ नोव्हेंबर २०२४

चि. कुंडलिकास आशीर्वाद. हाही वयालाच आहे.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारची सखूबाई काय झालं म्हणून बघायला आली. तिला सांगितलं, माझा भाऊ माझ्याशी बोलत नाही, ते त्यानं कळवलंय.

औषध पाठवते आहे. सुई एक, लोकरीचा गुंडा एक. चंद्राला (चंद्रालाच, तुला नव्हे!) सांग की ससा करायचा. अस्वल पुढचं. ससा म्हणजे काय, एक गोळा डोक्याचा, एक गोळा पोटाचा, दोन लांब कान आणि चार बोंडं पायांची. गोळा जमला की सगळं जमलं. आधी दोन साखळ्या घालायच्या, मग सुईपासून दुसऱ्या साखळीत सहा मुके खांब. मुका खांब म्हणजे सगळ्यांत बुटका, सगळ्यांत घट्ट टाका. सुई आत, धागा वर, दोन वेढे, पुन्हा धागा आणि दोन्हींतून बाहेर. तुला आठवायला सोपं जाईल, गेलं दीड वर्ष तू स्वतः तोच आहेस. पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन-दोन विणून वाढवायचं. असं करत गोळा फुलवायचा. फेरी कुठून सुरू झाली ते कळायला वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवायचा, नाहीतर माणूस गोल गोल फिरत राहतो आणि आपण पुढं चाललोय असं त्याला वाटतं.

सोनियाबद्दल तू काही विचारलं नाहीस म्हणून मीही काही लिहीत नाही. तिला सातवा सरला, पाय थोडे सुजलेत, रात्री उशी दोन लागतात, आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं तर माहेराला कुलूप, म्हणून ती माझ्याकडे येऊन राहिली आहे, हे मी मुळीच लिहीत नाही. सम्राट रोज संध्याकाळी दुकान बंद करून भोरहून येतो आणि तिला धरणाच्या रस्त्यानं चालवून आणतो, हेही नाही.

मंगल

*

पाली,
२९ नोव्हेंबर २०२४

अक्का,

पहिलं काम सोबत पाठवलं आहे. चंद्राचं आहे. ते असं का झालं ते तपासून सांग.

दुसरं असं की, लोकर निळी का पाठवलीस? दुकानात पांढरी नव्हती? करडी नव्हती? ससा निळा असतो का? मी काही बोलत नाही, पण माणसाला समजतं. दीड वर्ष मी मान खाली घालून गावात राहतोय, आणि तू मला निळी लोकर पाठवून काय सुचवतेस, ते मला कळलं आहे. चंद्रानं पिशवी उघडल्यावर मी ती लगेच गोधडीखाली ढकलली. त्यात सोसायटीची माणसं पाय बघायला आली आणि मी सुईवरच बसलो. तोंडातून आवाज काढायची सोय नव्हती. ‘लई दुखतंय का पाय?’ म्हणून विचारत होते. दुखत भलतंच होतं.

रंग बदलून पाठव.

आणि तुझ्या सूचना अर्धवट आहेत. वाढवत जा म्हणालीस. वाढवत गेलो, म्हणजे चंद्रा गेली. थांबायचं कुठं ते तू लिहिलं नाहीस.

सोनियाविषयी तू जे लिहिलं नाहीस ते मी वाचलं नाही. पाय सुजल्यावर मीठ कमी करतात म्हणे. हे मी आपलं सहज ऐकलेलं लिहितोय, इकडे एका पाहुणीचे सुजले होते.

कुंडलिक

*

भाटघर,
३ डिसेंबर २०२४

कुंडलिका,

चंद्रानं विणलेली वस्तू मिळाली. सखूबाई म्हणाली, ‘ही झालर हाय व्हय?’ मी म्हणाले, ससा आहे. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला. प्रत्येक फेरीत वाढवतच राहिलं की कापड मावत नाही आणि कडा अशा लाटांसारख्या उठतात. थोडं वाढवलं की थांबायचं. काही फेऱ्या सरळ जाऊ द्यायच्या, म्हणजे त्याला पोट येतं. मग दोन टाक्यांचा एक करत कमी करायचं. थांबायचं कुठं ते मी लिहायला हवं होतं, चूक माझी. आपल्या घरात ते कुणाला उपजत कळत नाही, हे मी विसरले.

आणि टाके इतके आवळलेत की सुई जाईना. चंद्राचा हात मला ठाऊक आहे, तिच्या शेवया वाऱ्यावर उडतात. हे आवळणं ज्याचं आहे त्याला सांग, धागा काही पळून जात नाही.

आता रंग. ताडपत्री कसल्या रंगाची आहे रे तुझी? जिच्यावर तू वर्षाचं भात वाळवतोस आणि तेच शिजवून खातोस? तुझी मोटरसायकल? चंद्रानं दारात ठेवलेलं पिंप? सगळं निळं तू घरात घेतलंस. एका गुंड्यानं तुझं घर बाटायला निघालं. तुझा पॉवर टिलर चिखलात बंद पडला तेव्हा भोरहून कुणाला बोलावलं होतंस? सम्राटनं गुडघाभर चिखलात उभं राहून तो चालू केला. तेव्हा तू गावभर सांगत होतास की असा हात तालुक्यात नाही. त्या हातानं टिलर धरला तर चालतो. सोनियाचा हात धरला की तू देवळासमोर जाऊन शपथा घेतोस.

मला खरं सांग, तुला लाज कशाची वाटते? सुईची की जावयाची? तू दोन्ही एकाच पिशवीत घालून वर ‘औषध’ लिहायला लावतोस.

दुसरा रंग मिळणार नाही. दुकानात पांढरी होती, करडीही होती.

मंगल

*

पाली,
१४ डिसेंबर २०२४

अक्का,

तुझ्या पत्राला उत्तर देण्यासारखं त्यात काही नाही. म्हणून सशाबद्दलच लिहितो.

ससा पूर्ण झाला. सोबत आहे. आता ‘चंद्रानं केला’ असं लिहायचा कंटाळा आलाय. मी केला. तीन वेळा उसवला. डोकं मोठं झालं आहे आणि एक कान दुसऱ्यापेक्षा लांब, पण तोंडानं बरा दिसतो. डोळे काळ्या दोऱ्याचे भरलेत, बटणं लावली नाहीत. बटणं लहान लेकरानं तोंडात घातली तर. म्हणजे पाहुण्यांची लहान लेकरं असतात ना.

आत भरायला कापूस सापडला नाही. शिवाय कापसाचा ससा हातात घेऊन बघितला असता तर काहीच नसल्यासारखा वाटला असता. आपल्या घरची वस्तू हाताला लागली पाहिजे. म्हणून आत इंद्रायणीचं बियाणं भरलंय, पुढच्या सालाकरता काढून ठेवलेलं, निवडक. छान बसतो. ढकलला तरी पडत नाही.

गावात सगळं ठीक. परवा सोमनाथराव आले होते. म्हणाले, ‘कुंडलिकराव, तुमी शब्दाला जागला. असा बाप पायजे.’ मी हो म्हणालो. मग ते अर्धा तास तेच म्हणत बसले आणि माझा अर्धा कान गोधडीखाली विणायचा राहिला.

एक विचारायचं होतं. भोरला बाळंतपणाचा दवाखाना कोणता बरा? एका ओळखीच्यांना हवा आहे.

कुंडलिक

*

भाटघर,
२३ डिसेंबर २०२४

कुंडलिका,

मी दहा बायकांना ससे शिकवले. कापूस भरतात, जुने मोजे भरतात, एकीनं नवऱ्याचं बनियन कापून भरलं. भात भरणारा तू पहिलाच.

झालं असं. बाळाच्या तोंडाशी जाणारी वस्तू म्हणून ससा मी कोमट पाण्यात धुतला आणि खिडकीत उन्हाला ठेवला. आत काय आहे हे तुझ्या पत्रात वाचलं होतं, पण पत्र वाचताना मी लांब कानावर हसत होते, तेवढं ध्यानात राहिलं नाही. ऊन आलं, गेलं. मी दोन दिवस त्याच्याकडे बघितलं नाही. चौथ्या दिवशी सोनिया खिडकीशी केस विंचरत होती, ती एकदम ओरडली. मला वाटलं कळा आल्या. धावत गेले तर ती सशाकडे बोट दाखवतेय. पोटातून, मानेतून, पाठीतून हिरवे कोंब बाहेर. तुझा ससा उगवला होता.

तिनं तो हातात घेतला, वजन बघितलं. मग म्हणाली, ‘आत्या, ह्यो बाबांनी केलाय.’ मी म्हणाले, कशावरून? तुला वचन दिलं नव्हतं, पण पाळत होते. ती म्हणाली, ‘लेकराच्या खेळण्यात बियाणं भरणारा माणूस जगात एकच हाय. आनि त्यो बियाणं बी निवडून भरतो.’ मग ती हसली. खूप हसली. हसता हसता रडायला लागली, आणि रडून झाल्यावर तिला भूक लागली. दोन भाकरी खाल्ल्या. सम्राट संध्याकाळी आला तर ससा ताटलीत पाणी घालून ठेवलेला. त्यानं निरखून बघितला आणि म्हणाला, ‘उगवण चांगली हाय, आत्या. एक बी दाणा वाया न्हाई.’ टोमणा नव्हता. खरंच कौतुक होतं.

तेव्हा पाहुणे, पाहुण्यांची लेकरं, ओळखीचे, सगळं आता संपलं. तुझी लेक नवव्या महिन्यात आहे. ती रोज रस्त्याकडे बघते आणि बघत नसल्याचं मला सांगते. तू ये. प्लास्टर निघालं असेल. बोलू नकोस हवं तर माझ्याशी. तिच्याशी न बोलायची शपथ तर तू घेतलेली नाहीस ना? ती माझ्याविरुद्ध होती. तुझं तुला आठवत नसेल तर त्या दोघांना पुन्हा आडून विचार.

मंगल

*

पाली,
३० डिसेंबर २०२४

अक्का,

तिला सांगायला नको होतंस.

तुला वाटतं मी हट्टी आहे. मी भितो. हे मी कुणापाशी बोललेलो नाही आणि बोलणारही नाही, म्हणून लिहितो. ज्या दिवशी मी त्या घराच्या पायरीवर चढेन त्या दिवशी सोमनाथराव माझ्या ओट्यावर यायचे थांबतील. धाकट्या पोराच्या लग्नात कोण पंगतीला बसेल आणि कोणाला ताप येईल, हे मी बोटांवर मोजून दाखवू शकतो. तू भाटघरला राहतेस, तुझं कुणी काही अडवत नाही. मला त्याच विहिरीवर, त्याच डेअरीवर, त्याच देवळात रोज जायचं आहे.

दुसरा ससा केला आहे. तोही निळाच. या वेळी माझ्या उशीतला कापूस भरलाय. दोन्ही कान सारखे आलेत, मोजून घे. पहिल्या बाळाच्या अंगाला आजोळचं काहीतरी लागलं पाहिजे. भोरला जाऊन विकतचं आणलं असतं, पण दुकानदार विचारतो, कुणासाठी. म्हणून तर सगळा खटाटोप. हा पाळण्यात ठेव. आजोळ आलं असं समजावं. आजा येणार नाही.

आणि चंद्राचं म्हणशील तर, गुडघ्याच्या औषधाला दर बाजाराला भोरला जाणारी बाई डिंकाचे लाडू डब्यात घेऊन जात नाही. मला पहिल्या खेपेपासून माहीत आहे. मी दर वेळी तिला एसटीपर्यंत सोडायला जायचो, आता पाय मोडला म्हणून खाटेवरून ‘सांभाळून जा’ म्हणतो. तिला वाटतं मला काही कळत नाही. तिला तसंच वाटू दे.

कुंडलिक

*

भाटघर,
१४ जानेवारी २०२५

बाबा,

आत्याच्या पाकिटात माझं पत्र घालतेय.

मुलगी झाली. शुक्रवारी पहाटे. वजन चांगलं आहे, नाक तुमचं आहे, त्याला इलाज नाही.

ससा मिळाला. चांगला झालाय. तो मी उसवला. धड, डोकं, पाय सगळं. रागानं नाही, नीट एक टोक पकडून, टाका टाका काढत. तुम्ही किती आवळून विणता हो? बोटं दुखली. कापूस इथल्या एका उशीत भरून ठेवलाय, आलात की तुम्हाला उशी लागेल म्हणून. कान तेवढे ठेवलेत.

माझ्या मुलीला आजोळ पाहिजे. आजोळाच्या नावाचं खेळणं नको. मी लहान असताना गडाच्या पायथ्याला हरवले होते, तेव्हा तुम्ही मला शोधायला कुणाच्या हाती निरोप पाठवला नव्हता. स्वतः आला होतात, अनवाणी. तो माणूस मला पाहिजे. टेम्पोतून पिशवी पाठवणारा नको.

गावाला तुम्ही भिता, हे आत्यानं मला वाचून दाखवलं. मीही भीत होते बाबा. सही करताना मी पेन दोनदा खाली ठेवलं, तेव्हा कारकून म्हणाला, पाणी देऊ का. तरी केली.

बारसं एकवीस तारखेला, आत्याच्या घरी. लोकर इथं आहे, सुई इथं आहे. येऊन विणा. नाही आलात तर निळ्या लोकरीचा गुंडा तसाच पाळण्याला बांधीन, आणि कुणी विचारलं तर सांगेन की हे तिचं आजोळ.

सोनिया

(कुंडलिका, मी पत्र वाचलं नाही असं म्हणणार नाही. वाचलं आणि माझ्याकडे वाढवायला काही उरलं नाही. संक्रांतीचा तिळगूळ सोबत पाठवते. घे. पुढचं म्हणायची सोय तू ठेवलेली नाहीस. — मंगल)

*

भाटघर,
२४ जानेवारी २०२५

कुंडलिका,

आलास. बरं केलंस. आता ऐक.

चंद्राबरोबर एसटीतून उतरलास, आत आलास, मला वाकून नमस्कार केलास आणि तोंडातून शब्द काढला नाहीस. पाणी हवं तर पेल्याकडे बोट. पंखा हवा तर छताकडे बोट. माझ्या नणंदेला वाटलं, तुला अर्धांगवायूचा झटका येऊन गेलाय. ती दिवसभर तुझ्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलत होती. मी तिला काही सांगितलं नाही. तेवढी शिक्षा तुला हवीच होती.

पण सोनियासमोर जाऊन बसलास, लोकर घेतलीस आणि सगळ्यांदेखत विणायला लागलास, तेव्हा मी चुलीवरचं तसंच सोडून दारात येऊन बघत उभी राहिले. हे उघड लिहिते, कारण तू समोर नाहीस. सम्राटची आई पारूबाई तुझ्याशेजारीच बसून बघत होती. ती म्हणाली, ‘पाव्हणं, हात घट हाय तुमचा.’ तू मान डोलावलीस. पुढं माया, सम्राटची बहीण, बाळाच्या कानात नाव सांगायला वाकली. शेफाली. तेव्हा तुझी सुई थांबली. एक टाका सुटला, तो मी पाहिला. नंतर दोन-दोनदा नाव पुटपुटून बघत होतास.

आणि पानं वाढायला घेतली तशी तुला घाई झाली. गुरांची धार, शेवटची एसटी, पायाचं दुखणं. एका माणसाला एकदम इतक्या अडचणी येत नाहीत. सोपानराव, तुझे व्याही, तुझ्यासाठी पाट मांडून उभे होते. तू त्यांच्या पाटाला वळसा घालून निघून गेलास. पारूबाईनं सगळं बघितलं. तिनं ते पान उचलून आत नेलं आणि कुणाला काही जाणवू दिलं नाही. ती तुझ्यापेक्षा चांगली आहे, एवढंच लिहिते.

 सशाचं धड अर्धं राहिलंय, ते सोनियानं उशाशी ठेवलंय.

सव्वा महिन्यानं ती बाळाला घेऊन भोरला सासरी जाईल. लेकीला माहेरच्यांनी पोचवायचं असतं. मी नाही जाणार. माझे गुडघे दुखतात, तुझ्या बायकोचे दुखत होते तसे. तू जायचंस. त्यांच्या दारापर्यंत नाही, घरात. नसेल जमणार तर आत्ताच लिही, म्हणजे त्या पोरीला मी रस्त्याकडे बघू देणार नाही.

मंगल

*

भोर, सम्राटचं घर,
२ मार्च २०२५

अक्का,

वर पत्ता लिहिला आहे तो वाचून हसली असशील. हस.

काल सोनियाला आणि शेफालीला पोचवलं. रिक्षातून उतरलो, पिशव्या दारापर्यंत नेल्या. तिथवर ठरवून आलो होतो. सोनिया बाळाला घेऊन आत गेली. तिनं मागं वळून ‘चला’ म्हटलं नाही. मी म्हटलं, तेवढं बाळाचं दुपटं विसरलंय ते देतो. दिलं. मग म्हटलं, पायरीवर घटकाभर बसतो, पाय दुखतोय. पारूबाईंनी शेफालीला तेल लावून न्हाऊ घातलं आणि उन्हाला म्हणून माझ्या मांडीवर आणून ठेवली. म्हणाल्या, ‘धरा वाईच, मी भाकऱ्या थापते.’ मग मी कुठं जाणार? एका हातात ती आणि दुसऱ्या हातात सशाचं अर्धं धड. एका हातानं विणता येत नाही, हे तू शिकवलं नव्हतंस.

तेवढ्यात गल्लीतून कुमार चालला होता. आपल्या पालीचा, सोमनाथरावांचा पुतण्या, कसलीशी औषधं न्यायला आलेला. मला बघून थबकला. सशाकडे बघितलं, बाळाकडे बघितलं, दारावरच्या नावाच्या पाटीकडे बघितलं.

‘कुंडलिकतात्या? तुमी हितं? कुणाकडं?’

मला तीन-चार उत्तरं सुचली. टिलरचं काम आहे. पत्ता चुकलो. पाय दुखला म्हणून टेकलो. सगळी चालली असती, तो हो म्हणाला असता आणि गावात जाऊन गप्पही बसला असता. शेफाली माझ्याकडे बघत होती. नाक माझंच आहे, सोनिया खोटं लिहीत नाही.

मी म्हणालो, ‘लेकीकडं आलोय.’

अक्का, एवढं साधं वाक्य. आपल्या गावातला प्रत्येक बाप बाजाराच्या दिवशी हे म्हणतो. मी पावणेदोन वर्षांत एकदाही म्हणालो नव्हतो.  आवाज जरा मोठाच निघाला. आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

कुमार म्हणाला, ‘बरं बरं.’ मी म्हणालो, ‘ये की. बस. चहा घे.’ त्यानं घड्याळाकडे बघितलं. म्हणाला, ‘न्हाई तात्या, घाई हाय. यस्टी चुकंल.’ मला ती घाई चांगली ओळखता येते. बारशाला मीही तीच घेऊन आलो होतो. मी त्याला थांबवलं नाही. काल संध्याकाळीच डेअरीवर सगळ्यांना कळलं असेल. सोमनाथराव ओट्यावर यायचे नाहीत. धाकट्याच्या लग्नात किती पानं कमी वाढायची, याचा हिशेब घरी गेल्यावर चंद्रा आणि मी करू. मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. कुमारला मी लहानपणी खांद्यावर बसवून गडावर नेलं होतं.

तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी बघत राहिलो. मग आतून सोपानरावांनी विचारलं की ताट बाहेर आणू का. म्हणालो, नको. शेफालीला ऊन लागत होतं, तिला घेऊन आत गेलो.

कुंडलिक